स्काउट ते लाइफ: लेकीच्या ट्रूपमधली चार वर्षं

लेकीचं स्काउट हँडबुक आता नीट मिटत नाही. स्पायरलचं जाड पुस्तक, दोनदा पावसात भिजून फुगलेलं, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग. मागच्या पानांवर प्रत्येक अटीपुढे तारीख आणि कुणाच्या तरी नावाची आद्याक्षरं. त्यांत एकही सही माझी नाही, तिच्या बाबाचीही नाही. चार वर्षं तिला नेणं-आणणं, ओले तंबू वाळवणं, फॉर्म भरणं हे सगळं आम्ही केलं, पण त्या पानांवर आमच्या हाताची खूण नाही. आमच्या ट्रूपचा, म्हणजे स्काउटच्या स्थानिक गटाचा, नियमच तसा आहे: आपल्या मुलीच्या अटींवर आपण सही करायची नाही. सुरुवातीला हा नियम मला तुसडेपणाचा वाटला होता. आता कुणी ट्रूपबद्दल विचारलं की मी पहिल्यांदा तोच सांगते.

ट्रूप मुलींचा आहे. मध्य न्यू जर्सीत एका चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी सातला जमतो. मुली चौदा, त्यांत देशी चार, मराठी ही एकटी. मूळ संस्था १९१० सालची. तेव्हा ती फक्त मुलग्यांची होती आणि नावही तसंच होतं, ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’. अकरा ते सतरा वयाच्या या कार्यक्रमात मुलींना प्रवेश मिळाला तो २०१९च्या फेब्रुवारीत, आणि २०२५मध्ये नाव बदलून ‘स्काउटिंग अमेरिका’ झालं. लेक २०२१च्या पानगळीत आली तेव्हा अकरा वर्षांची होती. आता पंधराची आहे आणि गेल्या वसंतात ‘लाइफ’ झाली.

पायऱ्या सात: स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ, ईगल. पहिल्या चारांच्या अटींवर एकाच वेळी काम करता येतं, मिळतात मात्र क्रमानेच. या चारांत हाताने करायच्या गोष्टी असतात: गाठी, आग, नकाशा, प्रथमोपचार, स्वयंपाक, पोहणं. स्टारपासून पुढे मेरिट बॅज, म्हणजे एकेक विषय शिकून मिळवायचे बिल्ले, सेवेचे तास आणि ट्रूपमधली एखादी जबाबदारी ठरावीक महिने सांभाळणं येतं. ईगलला एकूण एकवीस बॅज आणि समाजासाठी स्वतः आखून पार पाडलेला एक प्रकल्प लागतो, आणि हे सगळं अठराव्या वाढदिवसाच्या आत. आपल्याकडच्या बहुतेक आईबापांची नजर पहिल्या दिवसापासून त्या ईगलवर असते. माझीही होती. कॉलेजच्या अर्जात काय दिसेल याचा हिशेब मी पहिल्या मंगळवारी गाडीतच मांडला होता. आज मला विचाराल तर या कार्यक्रमाचा खरा जीव फर्स्ट क्लासपर्यंतच्या चार पायऱ्यांत आहे.

पहिल्याच पायरीला एक अट आईबापांसाठी असते, आणि त्याबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. मुलांवरचे अत्याचार कसे ओळखायचे, मुलाशी त्याबद्दल कसं बोलायचं, याची एक पुस्तिका आईवडिलांनी मुलासोबत बसून वाचायची असते. तिच्यातले प्रश्न सोडवल्याशिवाय पहिली पायरी मिळत नाही. ही पुस्तिका का आहे हे माहीत असू द्या. या संस्थेत पूर्वी झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल ८२ हजारांवर दावे दाखल झाले, २०२०च्या फेब्रुवारीत संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे २.४६ अब्ज डॉलरच्या भरपाईची योजना झाली. हे वाचून मी दोन आठवडे लेकीला पाठवलं नव्हतं. आज नियम असा आहे की कुठल्याही मोठ्या माणसाने मुलासोबत एकट्याने राहायचं नाही. प्रत्येक कार्यक्रमाला किमान दोन नोंदणीकृत प्रौढ हवेत, आणि मेसेज किंवा ईमेलमध्येही दुसरा मोठा माणूस हवा. मी ट्रूपमध्ये हा नियम पाळताना पाहिला. स्काउटमास्टर बाईंना एका मुलीशी खाजगी बोलायचं होतं. त्या तिला हॉलच्याच दुसऱ्या टोकाला घेऊन गेल्या, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. ते पाहिलं आणि मी नोंदणीचे पैसे भरले. कुठलाही ट्रूप बघायला जाल तेव्हा आधी हे बघा, बॅज-बिज नंतर.

पुस्तिका घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो, ती संध्याकाळ सोपी नव्हती. माझ्या आईने माझ्याशी हे शब्द कधीच काढले नाहीत. मला मराठीत बोलता येईना, इंग्रजीत बोलवेना. शेवटी लेकीनेच एकेक प्रश्न मोठ्याने वाचला.

टेंडरफूटची एक अट व्यायामाची आहे. दंड, सिट-अप, एक मैल चालणं-धावणं, हे सुरुवातीला मोजायचं, तीस दिवस सराव करायचा आणि पुन्हा मोजायचं. ठरलेला आकडा गाठायचा नाही, आपण काल होतो त्यापेक्षा बरं व्हायचं. लेकीला पहिल्या दिवशी चार दंड जमले, तिसाव्या दिवशी नऊ. नऊवर सही झाली. शाळेच्या खेळांच्या निवडीत कायम मागे राहणाऱ्या मुलीला नऊ दंडांवर कुणीतरी ‘झालं, पुढे चल’ म्हटलं, याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

त्याच पायरीला दुसऱ्या कुणाला तरी सपाट गाठ, म्हणजे स्क्वेअर नॉट, शिकवायची असते. पद्धत ठरलेली: आधी सांगायचं, मग करून दाखवायचं, मग त्याच्या हाताला धरून करून घ्यायचं, मग त्याला एकट्याला करू द्यायचं. तेव्हा माझे वडील सांगलीहून आमच्याकडे आले होते. आण्णा शाळेत स्काउट होते. घरी गुरं होती, दावं बांधण्यात आणि सोडण्यात त्यांचा अर्धा जन्म गेलेला. नातीने सुतळीचे दोन तुकडे पुढे केले तेव्हा ते काही बोलले नाहीत. तिने सांगितलं ते ऐकलं, दाखवलं ते पाहिलं, आणि पहिल्या खेपेला त्यांनी गाठ चुकवली. मुद्दाम चुकवली, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. लेकीला दोन वर्षं कळलं नव्हतं. मग ती त्यांना तंबूच्या दोरीची ताण कमी-जास्त करता येणारी गाठ दाखवायला लागली, आणि ती मात्र त्यांना खरंच माहीत नव्हती. दुपारभर दोघं बाल्कनीच्या कठड्याशी बसले होते. आण्णांनी तिला डाव्या हाताने हस्तांदोलन करून दाखवलं आणि ती चकित झाली, कारण तिच्या ट्रूपमध्येही डावाच हात देतात. आमच्या घरात डाव्या हाताने कुणाला काही दिलेलं चालत नाही. हा एक अपवाद तेव्हापासून चालतो. तिकडे भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये आज प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी शिडी आहे. लेकीने ती कागदावर लिहून घेतली आणि आपल्या पायऱ्यांशेजारी लावून पाहिली.

आता माझी एक चूक. पहिल्या मेरिट बॅजच्या वेळी समुपदेशकाला, म्हणजे तो विषय तपासणाऱ्या माणसाला, ईमेल मीच लिहिलं. वेळ मागितली, तिने काय वाचलंय ते लिहिलं, आभारही मानले. दोन ओळींचं उत्तर आलं: तुमच्या मुलीकडून पत्र आलं तर मला आनंद होईल, तुम्हाला त्यात ठेवायला तिला सांगा. मला राग आला. बारा वर्षांच्या मुलीला अनोळखी माणसाला पत्र लिहायला लावायचं? लेक चार दिवस त्या पत्रावर बसली. शेवटी तीन वाक्यं लिहिली, त्यांत एक स्पेलिंग चुकलेलं. मी ते दुरुस्त केलं नाही. करायला हवं होतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता, आता पडत नाही. गेल्या महिन्यात तिने नगरपालिकेच्या उद्यान विभागाला फोन केला, तेव्हा मी शेजारच्या खोलीत भांडी लावत होते आणि तिने मला हाक मारली नाही.

सगळ्यांत जास्त लिहावंसं वाटतं ते फर्स्ट क्लासच्या स्वयंपाकाबद्दल. अट अशी: आपल्या पॅट्रोलसाठी, म्हणजे कॅम्पवरच्या सहा-आठ जणींच्या गटासाठी, नाश्ता, जेवण आणि रात्रीचं जेवण ठरवायचं, प्रमाण काढायचं, खर्चाचा अंदाज करायचा, सामान मिळवायचं आणि कॅम्पवर स्वतः मुख्य आचारी व्हायचं. मदतनीस मुलींवर देखरेख करायची आणि शेवटी भांडी नीट घासून घेतली जातात की नाही तेही बघायचं. लेकीने नाश्त्याला कांदेपोहे, दुपारी भाज्या घातलेल्या पोळीच्या गुंडाळ्या आणि रात्री पावभाजी ठरवली. सहा मुली. तिने घरी प्रत्येकी किती पोहे लागतात ते वाटीने मोजलं, इंडियन स्टोअरमध्ये यादी घेऊन गेली, बाबा फक्त गाडी चालवायला.

शुक्रवारी संध्याकाळी पिशव्या ओट्यावर मांडल्या आणि मला दिसलं: तिने पातळ पोहे आणले होते. चिवड्याचे. ते भिजवले की काय होतं ते मराठी घरातल्या कुणालाही सांगायला नको. दुकान उघडं होतं, सात मिनिटांवर होतं. मी तोंड उघडलं आणि बाबाने माझ्याकडे पाहिलं. मी वाटाणे डब्यात भरले आणि गप्प बसले.

शनिवारी सकाळी, तापमान शून्याच्या जेमतेम वर, गॅसच्या शेगडीवर सहा जणींसाठी हळदीच्या रंगाचा लगदा झाला. वरून लिंबू पिळून मुलींनी तो खाल्ला. एकीने बशी तशीच ठेवली. लेक दुपारपर्यंत कुणाशी बोलली नाही. पावभाजी मात्र छान झाली, शेजारचं पॅट्रोल वाटी घेऊन आलं. जेवणाआधी प्रत्येकीने आपापल्या घरची प्रार्थना म्हणायची ट्रूपची पद्धत आहे. लेकीने आपला श्लोक म्हटला आणि इंग्रजीत अर्थ सांगितला. रविवारी घरी आल्यावर गाडीतून उतरतानाच तिचा पहिला प्रश्न होता, “आई, तुला माहीत होतं ना?” मी हो म्हटलं. ती रडली, माझ्यावर ओरडली. मी तिला काय बोलणार? पाच मैत्रिणी तिच्यामुळे अर्धपोटी चालल्या होत्या, आणि मी ते थांबवू शकले असते. आजही मला खात्री नाही की मी बरोबर केलं.

अट पूर्ण झाली होती, सही मिळाली. पुढच्या महिन्याच्या कॅम्पला नाश्ता करायची पाळी तिची नव्हती. तिने ती मागून घेतली आणि जाड पोहे नेले. हँडबुकवरचा हळदीचा डाग त्या दुसऱ्या वेळचा आहे.

पोहण्याची गोष्ट वेगळी. सेकंड क्लासला पंचवीस फूट पोहून वळायचं आणि परत यायचं, फर्स्ट क्लासला पूर्ण शंभर यार्ड: पंचाहत्तर जोमाने, पंचवीस पाठीवर निवांत, आणि मग पाण्यावर स्थिर तरंगायचं. मी सांगलीची. कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलावरून उड्या टाकणारी पोरं बघत मोठी झाले, पण आम्हा बहिणींना कुणी पाण्यात सोडलं नाही. मला आजही पोहता येत नाही. पहिल्या उन्हाळी कॅम्पला लेक साठाव्या यार्डाला काठ धरून थांबली. वर्षभर तिने शनिवारी तलावावर शिकवणी लावली. दुसऱ्या उन्हाळ्यात शंभर झाले. तिथल्या मुलीने तिच्या गळ्यातल्या बिल्ल्याचा रंग बदलला, एवढाच सोहळा. मला त्या रात्री कॅम्पवरून फोन आला नाही, कारण फोनला परवानगी नव्हती. पाच दिवसांनी कळलं.

मेरिट बॅजबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बॅज १३५हून जास्त आहेत आणि चांगला समुपदेशक मिळाला तर त्यांच्यासारखं शिक्षण नाही. पैशांच्या व्यवस्थापनाच्या बॅजसाठी तिने तेरा आठवडे आपली आवक-जावक लिहिली: मुलं सांभाळण्याचे पैसे, वाढदिवसाची पाकिटं, बोबा टीचे सहा-सहा डॉलर. घरातल्या एखाद्या मोठ्या खर्चाची योजनाही करायची होती. तिने डिसेंबरची भारताची चार तिकिटं घेतली, महिन्याला किती बाजूला काढावे लागतील ते आम्हाला मांडून दाखवलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिला कळलं की आजीआजोबांना भेटायला जाणं म्हणजे काय असतं.

याउलट एका शनिवारी आम्ही तिला एका मोठ्या सभागृहात भरलेल्या बॅजच्या शिबिराला नेलं. साठेक मुलं, पडद्यावर स्लाइड, मधे पिझ्झा, संध्याकाळी दोन बॅजांच्या निळ्या कार्डांवर सह्या. मी खूश होते. काही आठवड्यांनी स्टारच्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूत, म्हणजे पायरी देण्याआधीच्या मुलाखतीत, तीन मोठ्या माणसांनी तिला विचारलं की या बॅजमधून काय मिळालं, आणि तिने खरं ते सांगितलं: काही आठवत नाही. बोर्डात आईबापांना बसता येत नाही, म्हणून मी बाहेर तळघराच्या जिन्यावर होते. बाहेर आली तेव्हा ती पास झाली होती आणि तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, “आई, तो बॅज माझा नाहीये.” सॅशवर, म्हणजे बॅज लावायच्या खांद्यावरच्या पट्ट्यावर, तो आहे, पण तिने तो आजवर मला शिवायला दिलेला नाही, पिनने लावते. अशा शिबिरांना पैसे भरू नका. एक बॅज तीन महिन्यांनी मिळाला तरी चालेल.

खर्चाचं थोडक्यात. पहिल्या वर्षी नोंदणी, गणवेश, बूट, स्लीपिंग बॅग आणि आठवड्याचा उन्हाळी कॅम्प मिळून आमचे साधारण अकराशे डॉलर गेले. पुढे कमी. शर्ट एक माप मोठा घ्या. ट्रूपच्या कपाटात जुने बूट, पाठपिशव्या असतात, विचारायला लाजू नका. पावसाच्या जाकिटावर आणि मोज्यांवर पैसे वाचवू नका. महिन्याला एक शनिवार-रविवार जातो आणि रविवारची मराठी शाळा बुडते. हे मला अजून लागतं. दोन वर्षं गणपती आणि पानगळीचा पहिला कॅम्प एकाच आठवड्यात आले. एका वर्षी ती कॅम्पला गेली, एका वर्षी आरतीला थांबली. दोन्ही वेळा तिने ठरवलं. कॅम्पवरून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड शोधा. न्यू जर्सीत गोचिडीच्या चाव्याने होणारा लाइमचा आजार खरा आहे.

धर्माचा प्रश्न अनेक जणी विचारतात, चर्चच्या तळघरामुळे. सभेत प्रवचन नसतं. स्काउटच्या बारा नियमांतला शेवटचा श्रद्धेचा आहे, आणि ती कुठली हे घराने ठरवायचं. हिंदू मुलांसाठी वेगळं पदक आहे, लहानांना ‘धर्म’, मोठ्यांना ‘कर्म’ नावाचं. लेक त्यावर काम करतेय आणि त्यासाठी आण्णांशी दर रविवारी फोनवर बोलते.

ट्रूप निवडताना एक मंगळवार नुसतं मागे बसा. सभा मुली चालवतात की मोठी माणसं, ते बघा. आमच्याकडे पहिल्या दिवशी एक चौदा वर्षांची मुलगी पुढे उभी होती, कागद विसरलेली, आणि मागे पाच मोठी माणसं हाताची घडी घालून तिला आठवेपर्यंत थांबली होती. दुसऱ्या एका ट्रूपमध्ये सगळं वेळेवर, नीटनेटकं चाललं होतं आणि मुलांपैकी कुणीही बोलत नव्हतं. आम्ही तिथे परत गेलो नाही.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो शनिवारच्या शिबिरांसाठी. ईगल होईल की नाही, ते तिचं. प्रकल्पाची कल्पना आहे: गावातल्या बागेत चाकाच्या खुर्चीतून पोहोचता येतील असे उंच वाफे. उद्यान विभागाने तिला पुढच्या गुरुवारी बोलावलंय आणि मी गाडीत थांबणार आहे.

सध्या ती ट्रूपची क्वार्टरमास्टर आहे, म्हणजे सगळं सामान तिच्या ताब्यात. मागचा कॅम्प पावसात झाला, त्यामुळे आमच्या गॅरेजमध्ये सात तंबू दोऱ्यांवर वाळत घातले आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी: खुंट्या किती, कुठला झिप अडकतो. दोऱ्यांच्या गाठी आण्णांना व्हिडिओवर दाखवून झाल्या आहेत. शुक्रवारपर्यंत गाडी रस्त्यावरच लावायची आहे.